काचेच्या कपाटातला राजीनामा

गुरुवार, दुपारची जेवणाची सुट्टी

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. (खरं तर जिन्याच्या पायरीवर बसून लिहितोय आणि इथे आडवं व्हायला जागा नाही, तेव्हा नुसतं डोकं टेकवलं असं समज.) तुझा गुडघा कसा आहे? भाचीची कंबर, जावयांचा खोकला आणि बाळाचं पोट या सगळ्यांची वेगवेगळी चौकशी केली असं धरून चाल, कारण सुट्टी संपत आली आहे आणि मला बरंच लिहायचं आहे. बाळ आता आधाराशिवाय बसतं असं कळलं. तू त्याच्या जन्मासाठी म्हणून लेकीकडे गेलीस, ते जन्मलं, पालथं पडलं, बसायलाही लागलं, आणि तू अजून तिथेच. असो. इकडे आम्ही सर्व कुशल आहोत. सर्व म्हणजे मी आणि भावजी. त्यातले भावजी कुशल आहेत हे मी अंदाजाने लिहितोय, कारण आमचं बोलणं होत नाही. आता पत्र कशाला, फोन नव्हता का, असं तू म्हणशील. पण फोन केला आणि भावजींचं नाव काढलं, की तुझं बाळ उठतं. पत्राची सोय अशी की बाळ उठलं तरी पत्र तिथेच पडून राहतं आणि नंतर पुढे वाचता येतं.

तर मुद्दा असा, की सोमवारी सकाळी मला इथून सुटलेलं असायला हवं. बियाण्यांच्या कंपनीत नोकरी मिळाली आहे मला. बियाण्यांच्या पाकिटांवर बारीक अक्षरात जे असतं ना, किती खोल पेरा, किती अंतर ठेवा, पाणी कधी द्या, ते लिहायचं आणि तपासायचं. तिथल्या बाईंनी विचारलं, लगेच येऊ शकाल का, आणि मी छाती पुढे काढून म्हणालो, मी मोकळाच आहे. (मोकळा! ज्या माणसाला इथे नाक शिंकरायला विचारून जावं लागतं, तो मोकळा.) सोमवारी आला नाहीत तर जागा दुसऱ्याला देऊ, असं त्या हसत हसत म्हणाल्या, पण असं हसत म्हणणारी माणसं खरोखर देतात. टेबलाला लागून खिडकी आहे, ताई. खिडकीबाहेर त्यांचे वाफे आहेत. मुलाखतीत निम्मा वेळ मी खिडकीकडेच बघत होतो, आणि त्यांना वाटलं मला पिकांची आवड आहे. ही जागा हातची गेली तर मी याच दुकानात म्हातारा होणार, आणि माझ्या निरोपाच्या ढालीवरचा मजकूरसुद्धा मलाच लिहावा लागणार.

आता सगळं पहिल्यापासून सांगतो. खाली दुकान आणि वर घर हे तुला माहीत आहे, ट्रॉफ्या, ढाली आणि मानचिन्हांचं दुकान आहे हेही माहीत आहे, मालक तुझे यजमान आहेत हेही तुझ्या लक्षात असेल. पण डोकं फिरलं की मी पहिल्यापासून सुरुवात करतो, ही माझी लहानपणापासूनची खोड, तेव्हा ऐकून घे. माझं काम मजकुराचं. जगात कुणी जिंकलं, कुणी निवृत्त झालं, कुणी रक्त दिलं, की त्याच्याबद्दल दोन ओळी मी जुळवायच्या आणि कोरणाऱ्या काकांनी त्या पितळेवर कोरायच्या. दिवसभर माझ्या हातून 'अमूल्य', 'अविस्मरणीय', 'निष्ठावान' असे शब्द जातात, आणि मला दिवसभरात भावजींकडून काय मिळतं तर एक 'अं'. तोही चूक असली तर. टेबलावरची घंटी त्यांनी दोनदा वाजवली की मी जायचं, एकदा वाजवली की काकांनी, आणि सारखी वाजत राहिली की पॅकिंगच्या बाईंनी. (ती घंटी माझ्या कानात बसली आहे. परवा रस्त्यात एका सायकलवाल्याने दोनदा वाजवली तर मी 'आलो साहेब' म्हणून वळलो.) भिंतीवरचं घड्याळ सकाळी पुढे असतं आणि संध्याकाळी मागे. मधल्या वेळात ते स्वतःला कसं सावरून घेतं हे आजवर कुणी पाहिलेलं नाही. गेल्या महिन्यात माझं स्टूलही काढून घेतलं. कारण काय, तर बसलेला माणूस लांब वाक्यं लिहितो. आता मी उभा राहून लिहितो आणि वाक्यं खरंच आखूड झाली आहेत, याचा मला जास्त राग येतो.

पूर्वी असं नव्हतं, हे मान्य. ओरडायचे, पण संध्याकाळ झाली की वर जायचे आणि आम्ही श्वास घ्यायचो. तू गेल्यापासून मात्र त्यांना वर जायला नकोच असतं. सकाळी आम्ही यायच्या आधी ते दुकानात, आणि संध्याकाळी आम्ही चपला शोधायला लागलो की त्यांना एखाद्या ट्रॉफीचं बूड हलतंय असं दिसतं. मग सगळ्यांनी मिळून सगळ्या ट्रॉफ्यांची बुडं तपासायची. मालक निघाल्याशिवाय कुणी निघायचं नाही ही इथली रीत, आणि मालक निघत नाहीत. पॅकिंगच्या बाईंचा नवरा हल्ली रोज दाराशी येऊन त्यांना घेऊन जातो, नाहीतर त्या घरी पोहोचल्याच नसत्या. मला तर नेणारंही कुणी नाही, कारण मी मागच्याच खोलीत राहतो. दुकान संपतं तिथे माझं घर सुरू होतं आणि घर संपतं तिथे दुकान. मला गुदमरायला होतं, ताई. रात्रीचं अंग टेकलं तरी पाय चालत असतात.

आणि ती त्यांची सीमा. दुकानात ते साहेब आणि वर ते भावजी. दुकानात घरचं बोलायचं नाही आणि घरात दुकानचं. हा नियम तूच घातलास असं ते अभिमानाने सांगतात: लग्नानंतर तू म्हणाली होतीस म्हणे, की तुमचं दुकान खालीच ठेवा. तू सहज म्हणाली असशील, पण त्यांनी ते असं मनावर घेतलं की काय सांगू. मध्यंतरी वरच्या न्हाणीघराचा नळ गळायला लागला आणि पाणी ठिबकत ठिबकत खाली चांदीच्या मुलाम्याच्या कपांवर पडायला लागलं. मी म्हणालो, साहेब, वर नळ गळतोय. ते म्हणाले, वरच्या लोकांना सांगा. (वरचे लोक म्हणजे तेच.) संध्याकाळी वर जाऊन सांगितलं, भावजी, नळामुळे दुकानात पाणी येतंय. तर म्हणाले, दुकानाचं काय ते दुकान बघून घेईल. असं बरेच दिवस चाललं. शेवटी कोरणाऱ्या काकांनी एक मोठा विजेता-चषक त्या धारेखाली ठेवला, आणि अजूनही तो भरला की आम्ही रिकामा करतो. त्या चषकात आता डास झाले आहेत.

तर राजीनामा. या नळावरून मी शहाणं व्हायला हवं होतं, पण नाही झालो. या सोमवारी, नोकरी पक्की झाल्यावर लगेच, मी नीट कपडे करून साहेबांसमोर उभा राहिलो आणि म्हणालो, साहेब, मी नोकरी सोडतोय, या आठवड्याअखेर मला मोकळं करा. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, घरचा माणूस असा तिऱ्हाइतासारखा राजीनामा देतो का? हा घरगुती विषय आहे, वर बोलू. मला बरं वाटलं. वर जेवायला बसलो आणि विषय काढला, तर त्यांनी घास खाली ठेवला. म्हणाले, ताटावर दुकान आणायचं नाही, तुझी ताई असती तर तिने खपवून घेतलं असतं का? आणि ताई नसल्यामुळे मी काय उत्तर देणार? मंगळवारी पुन्हा खाली, पुन्हा वर. त्या दिवशी मी इतक्या वेळा जिना चढलो-उतरलो की तुझ्या गुडघ्याची मला पहिल्यांदा खरी कीव आली.

म्हणून मी डोकं चालवलं. (इथून पुढे हसू नकोस. हसलीस तर पुढचं वाचू नकोस.) दुकानात खांबाला एक खिळा आहे तो तुला आठवत असेल. सगळे मजकूर त्या खिळ्याला ओळीने टोचायचे, भावजी लाल पेन्सिल घेऊन एकेक बघणार, दुरुस्ती करणार, खाली बरोबरची खूण करणार. खूण झाली की संपलं. त्यानंतर कुणी काही विचारायचं नाही, कोरणाऱ्या काकांनी वरून पहिला कागद पहिल्या ढालीसाठी, दुसरा दुसऱ्या ढालीसाठी असं करत जायचं. ढाली आधीच त्याच ओळीने मांडलेल्या असतात. काका काय कोरतात ते वाचत नाहीत. मी एकदा विचारलं होतं तर म्हणाले, वाचायला लागलो की हात हलतो, मी फक्त अक्षरं बघतो. तर मी विचार केला, की दुकानात हा माणूस ऐकत नाही, घरात ऐकत नाही, पण खिळ्यावरचा कागद मात्र तो अक्षरन् अक्षर वाचतो. मी राजीनामा चार ओळींत लिहिला, खालच्या अंगाला माझं नाव लिहिलं आणि सगळ्यात वर टोचला, म्हणजे नजर पहिली तिथेच जाईल.

नजर गेली. मी ढालींच्या मागे उभा राहून बघत होतो. त्यांनी वाचलं, पेन्सिल ओठांवर आपटली, परत वाचलं. मला वाटलं, आता घंटी वाजणार. पण घंटी वाजली नाही. त्यांनी लाल पेन्सिलीने काहीतरी केलं, खूण केली आणि पुढच्या कागदाकडे गेले. मी धावत जाऊन पाहिलं. 'कृपया' खोडलेलं. 'लवकरात लवकर' खोडून तिथे 'या क्षणापासून' केलेलं. माझं नाव (कुणाचं ते न बघताच) खोडलेलं, बाजूला शेरा: नाव नको, वेगळ्या पट्टीवर येईल. आणि खाली मोठ्या अक्षरात: ओळी मधोमध घ्या, भावना कमी पडते. ताई, माझ्या राजीनाम्यात भावना कमी पडते! मी उभ्या उभ्या तीन वेळा लिहून फाडला होता, डोळ्यांत पाणी आलं होतं माझ्या, आणि यांना भावना कमी पडते. मी इतका चिडलो की तिथेच कागदावर आणखी एक ओळ घातली आणि तडक बाहेर पडून अर्धा दिवस गल्ल्यांतून फिरत राहिलो. शांत झाल्यावर कागद काढून घेऊ असं ठरवलं होतं. परत आलो तोवर काकांनी खिळा रिकामा केला होता, पॅकिंगच्या बाईंनी खोके बांधले होते आणि टेम्पो गेला होता.

आता हिशेब तूच कर. माझा कागद सगळ्यात वर आल्यामुळे सगळे मजकूर एकेक घर खाली सरकले. पहिली ढाल होती पाणीपुरवठ्याच्या कार्यालयातल्या हेडक्लार्कची, ते निवृत्त होत होते. त्यांना माझा राजीनामा. हेडक्लार्कचा निरोप गेला पोहण्याच्या शर्यतीत दुसऱ्या आलेल्या मुलीला, तिला 'प्रदीर्घ व निष्ठावान सेवेनंतर आपले उर्वरित आयुष्य सुखाचे जावो' असं मिळालं. (मुलगी शाळेत आहे.) पोहणाऱ्या मुलीची पट्टी बुद्धिबळाच्या ढालीवर, की 'पाण्यात दाखवलेल्या असामान्य चापल्याबद्दल'. बुद्धिबळवाल्याची कुठे गेली ते अजून कळलेलं नाही, पण रक्तपेढीचा फोन येऊन गेला. मला हे लक्षात आलं तेव्हा मी टेम्पोच्या मागे पळत सुटलो. म्हणजे आधी चालत, मग पळत, मग एका ओळखीच्या माणसाच्या गाडीवर मागे बसून, आणि पोहोचलो तेव्हा पाणीपुरवठ्याच्या सभागृहात कार्यक्रम सुरू झाला होता.

मी मागच्या दाराशी उभा. मोठे साहेब माइकसमोर ढाल घेऊन उभे. मोठी माणसं हातात दिलेलं आधी डोळ्यांखालून घालत नाहीत, ती थेट वाचायला लागतात, आणि एकदा वाचायला लागली की आवाजाच्या ओघात थांबत नाहीत. त्यांनी भरदार आवाजात वाचलं: 'इतकी वर्षे मी येथे मान खाली घालून काम केले. येथे माझे म्हणणे कोणी ऐकून घेतले नाही. म्हणून मी या क्षणापासून हे काम सोडत आहे. मला अडवू नये.' आणि मग माझी रागात घातलेली ओळ: 'मला तुमची भीती वाटत नाही, फक्त कंटाळा आला आहे.' मोठ्या साहेबांनी ढाल उलटी करून बघितली, मागे आणखी काही आहे का. हेडक्लार्क, अगदी किरकोळ बांध्याचा माणूस, बाह्यांची बटणं लावलेला, उठून आला. त्याने ढाल घेतली, स्वतः एकदा मनात वाचली आणि माइकवर म्हणाला, 'हे बरोबर आहे.' बाकी काही भाषण केलं नाही, जाऊन जागेवर बसला. पहिल्या रांगेत त्याची बायको होती, ती मान डोलवत होती. मग मागून कुणीतरी टाळी वाजवली आणि पुढे अख्खं सभागृह वाजवायला लागलं, मोठे साहेबसुद्धा, कारण सगळे वाजवत असताना हात खाली ठेवणं बरं दिसत नाही.

मला वाटलं, सुटलो. आता दुकानाची अब्रू गेली, आता हाकलतील, आणि हाकललेला माणूस सोमवारी कुठेही जाऊ शकतो. मी जवळजवळ शीळ घालत परत आलो. पण आपलं नशीब बघ. आज सकाळी दुकान उघडतंय तोच दोन बायका आणि एक मास्तर दारात उभे. हेडक्लार्कला दिली तशी ढाल आम्हाला पाहिजे. एकीची बहीण इस्पितळातून निवृत्त होतेय, मास्तर तर स्वतःसाठीच आगाऊ घेऊन ठेवणार म्हणतात. भावजींचा चेहरा मी इतका खुललेला तू गेल्यापासून पाहिला नव्हता. त्यांनी लगेच एक नमुना करवून घेतला आणि पुढच्या काचेच्या कपाटात, दिव्याखाली, मखमलीवर ठेवला. म्हणजे माझा राजीनामा आता दुकानात प्रदर्शनाला आहे, येणारा-जाणारा बोट दाखवून वाचतो, आणि मी त्याच्या शेजारी उभा राहून त्याच दुकानात नोकरी करतोय. शिवाय भावजी घंटी दोनदा वाजवून मला म्हणाले, असा मजकूर लिहिणारा माणूस मी सोडेन होय? माझ्या नोकरीतलं हे पहिलं कौतुक, आणि ते नेमकं आज व्हावं.

तर ताई, हात जोडून सांगतो, तू भावजींना दोन ओळी लिही, नाहीतर फोन कर. त्यांना सांग की याला जाऊ द्या. तुझं ते ऐकतात. निदान तुझं नाव काढल्यावर गप्प तरी बसतात. मी न सांगता पळून जाऊ शकतो हे मला माहीत आहे, पण ते मला जमत नाही. ज्याच्या छपराखाली राहिलो त्याच्या मागून निघून जायचं म्हणजे माझाच जीव खाली-वर होतो. घंटी वाजली. दोनदा.

तुझा धाकटा

ता. क. (शुक्रवार) पत्र टाकायचं राहिलं, लिफाफा मिळाला नाही. पाण्याच्या टाकीची किल्ली तू कुठे ठेवलीस? नळ दुरुस्त करायला मीच माणूस आणतो, दुकानात विचारणार नाही आणि घरातही विचारणार नाही. बाळासाठी लोकरीचे मोजे घेतले आहेत, त्यांचा रंग तुला आवडणार नाही, पण मोज्यांच्या दुकानात दुसरा नव्हता.

ता. क. दुसरा (रविवार, दिवेलागणीला) वरचं सगळं वाचलंस तरी आता त्याचा उपयोग नाही. मी सुटलो. कसा ते सांगतो.

आज दुकान बंद, तरी भावजी जेवण झाल्यावर खाली जायला निघाले. मी आधीच जिन्यात जाऊन बसलो होतो, माझी बॅग पायरीवर आडवी टाकून. बाजूला हो म्हणाले. मी म्हणालो, नाही होणार. हा जिना दुकानात नाही आणि घरातही नाही, इथे तुम्ही साहेब नाही आणि भावजीही नाही, इथे तुम्हाला ऐकावं लागेल. आणि मी सांगून टाकलं की मला उद्या दुसरीकडे हजर व्हायचं आहे, आणि कपाटातली ती पट्टी हेडक्लार्कची नाही, माझी आहे. ते उभेच राहिले. मग वरच्या पायरीवर हळूच बसले, गुडघ्यावर हात ठेवून.

'ती तुझी होती?' म्हणाले.

मी म्हणालो, हो.

'मी म्हणालो, भावना कमी पडते.'

'हो, म्हणालात.'

मला वाटलं चिडतील. मी त्या तयारीनेच बसलो होतो, उत्तरं पाठ केली होती. पण ते भिंतीकडे बघत म्हणाले, तुझी ताई जायच्या आधी एकदा दुकानात आली होती. कधी येत नाही, त्या दिवशी आली. खांबाशी उभी राहिली, मला काहीतरी सांगायचंय म्हणाली. समोर गिऱ्हाईक होतं. मी म्हणालो, घरचं घरी, वर बोलू. मग वर गेल्यावर विचारलं, काय सांगत होतीस, तर म्हणाली, काही नाही. मग लेकीच्या बाळंतपणाला म्हणून गेली.

ताई, मी त्यांच्यावर इतके दिवस दात खाऊन होतो, या पत्रात वर काय काय लिहिलंय बघ, आणि त्यातलं एकही अक्षर खोटं नाही. पण जिन्यात बसलेल्या त्या माणसाकडे बघून माझा सगळा राग कुठे गेला मला कळलं नाही, आणि तो गेला याचाही मला राग आला. मी म्हणालो, तुम्ही फोन करून विचारा ना तिला. तर म्हणाले, फोन केला की बाळ उठतं. मग म्हणाले, तू जा उद्या, खुशाल जा. फक्त तिला माझ्यासाठी एवढं विचार, की ती रजेवर आहे की सोडून गेली आहे. नोटीस दिली असेल आणि मला ती कळली नसेल, तर तसं सांग म्हणावं.

तर हे विचारायला म्हणून पत्र पाठवतोय. मी बियाण्यांच्या कंपनीजवळ खोली घेतली आहे, बॅग भरलेली आहे, सकाळी निघतो. तू ये असं मी म्हणणार नाही. मी स्वतः पळत असताना तुला थांब म्हणायला मला तोंड नाही. तुला तिथे बरं वाटत असेल तर राहा, यावंसं वाटत असेल तर ये, पण काय ते त्यांना सांग. मला नको, त्यांना लिही. आणि उत्तर 'येणार नाही' असं असेल, तर त्यांचं पत्र टाकायच्या आदल्या दिवशी मला कळव. नव्या जागेवर पहिल्याच आठवड्यात लवकर सोडा म्हणावं लागेल, ते म्हणेन. ते पत्र त्यांच्या हाती पडेल त्या संध्याकाळी त्यांच्याबरोबर जेवायला कुणीतरी असायला हवं.